रंग म्हणजे घाण

राजसने तो प्रश्न विचारला सकाळी सव्वानऊला, आणि ज्योत्स्नाचा पीएचडीचा शेवटचा सेमिनार होता अकराला. एवढ्यावरूनच ज्योत्स्नाने ओळखलं, की लॅबमधलं हे पोरगं आपल्या मुळावर उठलं आहे.

“मॅडम, नागपूरहून आलेल्या व्हायल तुम्ही मोजायच्या आधी धुता का?”

ज्योत्स्ना लॅबच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून शेवटच्या स्लाइड्स चाळत होती. अल्लीपूरहून सातची एसटी, बसायला जागा नाही, ठेवणीतली साडी घामाने पाठीला चिकटलेली, आणि वर्ध्याचं एप्रिलचं ऊन नऊ वाजताच अंगावर धावून येत होतं. अशा वेळी कुणी ‘चहा घेता का’ असं विचारलं असतं तरी ती खेकसलीच असती.

“धुता म्हणजे?”

“म्हणजे पाण्यानं, मग कोळशातून, मग अॅल्युमिनातून.”

“मग काय तशाच घाणेरड्या मोजू? दीड वर्ष झालं तुले इथं येऊन. एवढंही शिकवलं नाई का कोणी?”

“तसं नाई मॅडम. मी मागच्या महिन्यात तुमच्या एका व्हायलमधलं थोडं, तुम्ही धुवायच्या आधी काढून, मोजलं, तर…”

“माझी व्हायल? तुले कोणी अधिकार दिला माझ्या सॅम्पलले हात लावायचा?”

“मॅडम, ऐकून तर घ्या…”

“चोर आहेस तू. लोकाईच्या फ्रिजमधून सॅम्पल काढते आणि वरून मलेच विचारते! सेमिनार होऊ दे, मग पाहतो तुले.”

राजसचे कान लाल झाले. पुढे काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण ज्योत्स्नाने खुर्ची अशी काही गर्रकन फिरवली की तिची पाठच त्याच्याशी बोलली. तो निघून गेला. फार बरं वाटलं तिला. चार मिनिटं.

मग तो प्रश्न आपोआप पुन्हा तिच्या कानात वाजला.

ज्योत्स्ना काही मठ्ठ बाई नव्हती. अल्लीपूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात पंधरा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती, आणि त्यातली सात वर्षं शनिवार, रविवार, दिवाळी, उन्हाळा सगळं या लॅबमध्ये घालवून पीएचडी करत होती. विषय होता आयनिक द्रव. म्हणजे मीठच, पण भट्टीवर न तापवताही पाण्यासारखं पातळ राहणारं मीठ. वापरून झालेल्या अणुइंधनातून कामाचे धातू वेगळे काढायला एखादं द्रव लागतं, आणि ते इंधन इतकी किरणं ओकत असतं की आज वापरात असलेली द्रवं हळूहळू तुटतात, आंबतात, वायू सोडतात. त्यांच्या जागी आयनिक द्रव चालेल का, किरणांचा मार खाऊन ते किती तुटतं, एवढाच प्रश्न. ज्योत्स्ना द्रव बनवायची, काचेच्या छोट्या व्हायलमध्ये भरायची, नागपूरला गॅमा चेंबरमध्ये ठेवून यायची, परत आणायची आणि मोजायची. सात वर्षांत छत्तीस व्हायल. छत्तिसांचा निकाल एकच. नुकसान शून्य.

हे शून्य श्रीनिवास सरांचं फार लाडकं होतं. सर म्हणजे तिचे गाइड. या शून्यावर त्यांचा पेपर झाला, पेपरवर बक्षीस मिळालं, बक्षिसाचा फोटो जिन्यात लागला. कुठेही भाषणाला उभे राहिले की दोन बोटांनी गोल करून दाखवायचे, “नुकसान किती? एवढं!” आणि लोक टाळ्या वाजवायचे.

आणि या लॅबचा एक रिवाज होता. सरांनीच वीस वर्षांपूर्वी घालून दिलेला. रंग म्हणजे घाण. चांगलं आयनिक द्रव पाण्यासारखं नितळ असतं, पिवळी झाक दिसली की समजायचं, बनवताना कचरा राहिला. नवा विद्यार्थी आला की पहिले सहा महिने तो फक्त धुवायचा. पाणी, कोळसा, रंग शोषणारी अॅल्युमिनाची भुकटी, पुन्हा पाणी. मग सर व्हायल हातात घेऊन मागे वर्तमानपत्र धरायचे आणि बातमी वाचायचे. कागद पिवळट दिसला तर व्हायल परत. ज्योत्स्ना पहिल्याच वर्षी तीनदा रडली होती. त्यानंतर तिच्या हाताला अशी सवय लागली, की पिवळं दिसलं की हात आपसूक कोळशाच्या डब्याकडे जायचा. धुणं तिला काम वाटतच नव्हतं. आपण बाजारातून आणलेली भाजी धुतो, तेवढंच.

नव्या द्रवात रंग म्हणजे कचरा, हे खरंच. पण किरणं खाऊन आलेल्या द्रवात रंग म्हणजे काय? तो रंग म्हणजेच नुकसान. जे तुटलं, ते रंग होऊन वर आलं. आणि ज्योत्स्ना ते सात वर्षं नीट, मन लावून, तीन पाण्यांनी धुऊन बेसिनमध्ये ओतत होती, आणि उरलेलं स्वच्छ द्रव मोजून ‘शून्य’ लिहीत होती.

ती तशीच उठून सरांच्या केबिनमध्ये गेली.

सर कूलरसमोर बसून प्रुफं तपासत होते. तिने सांगितलं. धापा टाकत, अर्धवट वाक्यांत, पण सगळं सांगितलं. सरांनी मान वर केली नाही.

“थिसिसमध्ये ‘शुद्धीकरण’ असा शब्द आहे ना?”

“आहे सर, पण तो द्रव बनवायच्या प्रकरणात आहे. मोजायच्या आधी धुतलं, असं कुठंच नाई.”

“मग राहू दे. कोण वाचते?”

“सर, पण मग शून्य कशाचं? आपण तर नुकसानच फेकून देऊन राह्यलो.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं. “हे तुले कोणी सांगतलं? राजसनं?”

ज्योत्स्ना चपापली. सरांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. राग होता, तो राजसवरचा. धुण्याची बातमी त्यांना नवी नव्हतीच.

“सर, तुम्हाले माहीत होतं?”

“तुझ्या नोंदणीची मुदत कधी संपते?”

“तीस तारखेले.”

“दोनदा वाढवून झाली. आता कुलगुरूही वाढवून देणार नाई. आज समितीनं मान हलवली का उद्या थिसिस जमा, सहा महिन्यांत डॉक्टर. नाई हलवली, का सात वर्षं गेली पाण्यात. आता तूच ठरव, कायले बोलायचं ते. आणि जाय, पोहे आले का पाय. बाहेरच्या मॅडमले तर्री जास्त तिखट नको.”

ज्योत्स्नाला कुणी सत्याची पुतळी समजू नये. केबिनबाहेर पडून जिना उतरेपर्यंत तिने ठरवून टाकलं, गप्प बसायचं. घरी नवऱ्याने, धीरजने, बियाण्यांचं दुकान सांभाळून सात वर्षं दोन्ही वेळचा स्वयंपाक केला होता. कॉलेजातले लोक आतापासूनच चेष्टेने ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत होते. तीस तारखेला सहा दिवस होते. मनात तिने सरांना शिव्या घातल्या, राजसला त्याहून दुप्पट घातल्या, आणि नत्थूजींना विचारलं की पोहे किती प्लेट आले. नत्थूजी म्हणजे लॅबचे जुने परिचर. त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि नुसतंच ‘पंधरा’ म्हणाले.

सेमिनार सुरू झाला. समितीत तिघं. श्रीनिवास सर, विभागप्रमुख प्रभाकरराव, आणि बाहेरून आलेल्या डॉ. वेदश्री, मुंबईकडच्या एका संस्थेतल्या. प्रभाकररावांनी तिसऱ्या स्लाइडला डोळे मिटले, ते त्यांच्या नियमाप्रमाणेच होतं. वेदश्री मॅडम मात्र एकेक स्लाइड चाखतमाखत पाहत होत्या. मागच्या रांगेत सहा-सात विद्यार्थी, त्यांत राजस. ज्योत्स्ना त्याच्याकडे न बघता पस्तीस मिनिटं बोलली. चांगली बोलली. शेवटच्या स्लाइडवर मोठं शून्य होतं, सरांनीच टाकायला लावलेलं.

“एक विचारू?” वेदश्री मॅडमनी चष्मा काढला. “मी बावीस वर्षं हेच करते. माझं प्रत्येक द्रव किरणं खाऊन आलं की पिवळं तरी होतं, तपकिरी तरी. न बदललेलं मी अजून पाहिलेलं नाही. तुमच्या व्हायल परत आल्या तेव्हा रंग कसा होता?”

ज्योत्स्नाने तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “पाण्यासारखा. तेच तर आपल्या कामाचं वैशिष्ट्य आहे, मॅडम.”

“तुम्ही स्वतः पाहिलात?”

“मी कुठे? मला सतरा समित्या. हे सगळं ज्योत्स्नाने केलंय. ती पाहायची, ती लिहायची. तिलाच विचारा.” आणि सरांनी तिच्याकडे पाहून मायेने मान डोलावली.

ती मान पाहिली आणि ज्योत्स्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं सर बोलले, आणि ते अलगद तिच्या ओच्यात टाकलं. उद्या हे उघडं पडलं, तर सर त्यांच्या सतरा समित्यांत होते आणि ज्योत्स्नाने पाहिलं होतं. वर्तमानपत्र धरून पिवळेपणा तपासणारे सर, ज्यांनी तिला तीनदा रडवलं ते सर, म्हणे मी कुठे पाहिलं! खोटं बोलायला ती तयार होती, अगदी मनापासून तयार होती. पण या माणसासाठी नाही.

“चहासारखा होता,” ती म्हणाली.

“काय?”

“रंग. कोऱ्या चहासारखा. छत्तीसच्या छत्तीस व्हायल. मी त्या धुतल्या, मग मोजल्या.”

प्रभाकररावांनी डोळे उघडले.

“धुतल्या?” वेदश्री मॅडमनी शांतपणे विचारलं. “किरणं खाल्ल्यावर? आणि मोजायच्या आधी?”

“हो मॅडम. आमच्या लॅबमध्ये रंग म्हणजे घाण. सरांनी शिकवलं तसं केलं.”

“मी?” सर ताडकन उभे राहिले. “हे मी आज पहिल्यांदा ऐकतोय! नवं द्रव धुवायला सांगितलं होतं. किरणं खाल्लेलं कोण धुतं? अकरावीच्या पोरालाही कळतं!”

“दोन तासांपूर्वी केबिनमध्ये सांगतलं मी तुम्हाले. तुम्ही म्हटलं, कोण वाचते.”

“ज्योत्स्ना, तोंड सांभाळून बोल.”

“सात वर्षं सांभाळलं!”

मागच्या रांगेत कुणीतरी मोबाइल काढला. प्रभाकररावांनी टेबलावर तीनदा हात आपटला. सर खाली बसले, पाणी प्यायले आणि वेदश्री मॅडमना इंग्रजीत सांगू लागले की पार्टटाइम विद्यार्थ्यांचं हे असंच असतं, लक्ष निम्मं घरी. ज्योत्स्नाने हातातला पॉइंटर टेबलावर ठेवला.

वेदश्री मॅडमनी सरांचं ऐकून घेतलं, पण नजर ज्योत्स्नावरून काढली नाही. “मला भांडणात रस नाही,” त्या म्हणाल्या. “मला एकच सांगा. न धुतलेला एक तरी नमुना कुणी मोजला आहे का? या लॅबमध्ये? एक जरी?”

ज्योत्स्नाने आज पहिल्यांदा राजसकडे पाहिलं. राजस सरांकडे पाहत होता, आणि सर राजसकडे, डोळ्यांची पापणी न हलवता.

ज्योत्स्नाला माहीत होतं, त्याने एक मोजली आहे. दोन शब्दांचं काम होतं: राजसला विचारा. पण तिला त्या आकड्याचीच धास्ती वाटली. कोऱ्या चहासारखं काळं झालेलं द्रव, त्यात काय उरलं असेल? निम्मं? त्याहून कमी? न धुतल्याचा आकडा बाहेर आला, तर सात वर्षं नुसती चुकीची नव्हे, हास्यास्पद ठरतील. जे मोजलंच नाही, त्यावर निदान कुणी हसणार तरी नाही. ती मूग गिळून गप्प बसली.

“नाही मॅडम,” राजस म्हणाला. “कोणीच नाही मोजला.”

चक्क उपकार झाल्यासारखं वाटलं तिला.

“मग माझ्यापुढे मार्ग नाही,” वेदश्री मॅडमनी फॉर्म ओढला. “एखादा जरी न धुतलेला नमुना असता आणि आकडा ठीक असता, तर मी दुरुस्ती सुचवून आज सही केली असती. चूक कबूल केलीत, हे मी लिहिते. पण हातात आकडा नाही, तर मी कशावर सही करू? सगळं काम पुन्हा.”

प्रभाकररावांनी तीस तारखेची आठवण करून दिली. मॅडम म्हणाल्या, ते माझ्या हातात नाही. तिघांनी सह्या केल्या. वेदश्री मॅडम पोह्यांना हात न लावता गाडीकडे गेल्या, बाराचं ऊन टाळायचं होतं त्यांना. सर आणि प्रभाकरराव मात्र प्लेट घेऊन बसले. उमेदवार नापास झाला तरी पोहे उमेदवाराचेच.

ज्योत्स्ना लॅबमध्ये आली. राजस तिथे होता, ओट्याला टेकून. ती त्याच्या अंगावरच गेली.

“झालं समाधान? पडला गारवा?”

“मी काय केलं मॅडम?”

“सकाळी काडी लावून गेला, आणि वरून विचारते काय केलं! तुझ्यामुळंच गेलो मी सरांकडे. नाईतर आज…” तिला पुढचं बोलता येईना. हुंदका नको होता, या पोरासमोर तर नकोच. तिने आवाज चढवून तो गिळला. “बरं, एक तर सांग आता. किती खराब निघालं ते? ज्यासाठी माझ्या सॅम्पलवर डल्ला मारला, ते?”

राजसने तिच्याकडे पाहिलं. “पाऊण टक्का.”

“पाऊण टक्का उरलं?”

“उरलं नाई. गेलं. पाऊण टक्का गेलं. बाकी सगळं जसंच्या तसं आहे.”

“बकवास करू नको. चहासारखं असते ते.”

“असू दे ना. रंगाले कितीसं लागते? घागरभर पाण्याले चिमूटभर हळद पुरते. तीनदा मोजलं मी, नागपूरले दोनदा जाऊन. तुमचं द्रव लय भारी आहे मॅडम. एवढा मार खाऊन कोणी टिकत नाई. धुवायची गरजच नव्हती.”

ज्योत्स्ना स्टुलावर बसली. धुवायची गरजच नव्हती. थिसिसमध्ये शून्याच्या जागी पाऊण लिहिलं असतं, तरी ती डॉक्टर झाली असती. पाऊण टक्क्यालाही लोकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या.

“हे तुले सकाळी माहीत होतं?”

“तेच सांगायले आलतो. सरांनी पंधरा दिवसांपूर्वीच दम दिलता, मॅडमले बोलायचं नाई. शून्याचा पेपर खोटा पडते ना! माझ्या थिसिसमध्ये पुढच्या वर्षी घेऊ म्हणे, नवीन शोध म्हणून. तरी मी आलतो. म्हटलं, सेमिनारमध्ये टाकतील एक स्लाइड. तुम्ही चोर म्हटलं.”

“आणि आत्ता? समितीसमोर?”

“सरांच्या सहीशिवाय माझी फेलोशिप येत नाई मॅडम. मी कसा बोलू? पण तुम्हाले तर माहीत होतं ना, मी मोजली ते. तुम्ही माझं नाव घेतलं असतं, तर मले खोटं बोलता आलं नसतं. मी वाट पाहून राह्यलो होतो. तुम्हीही गप्प राह्यल्या.”

खापर फोडायला दुसरं डोकं शोधलं तिने, सरांचं सापडलं, राजसचं सापडलं, पण ते दोन्ही फोडून झाल्यावरही खापर शिल्लकच राहिलं. सकाळी एक वाक्य पुरं ऐकून घेतलं असतं. समितीपुढे दोन शब्द बोलली असती. दोन्ही वेळा दार तिनेच लावलं होतं.

नत्थूजी फॉर्म घेऊन आत आले. “मॅडम, खाली तुमची सही पाहिजे. सर म्हणते, आजच टपाल लावतो विद्यापीठाले.”

तिघांच्या सह्यांखाली छापील ओळ होती, ‘वरील निर्णय उमेदवारास मान्य आहे’, आणि त्याखाली अभिप्रायासाठी चार रिकाम्या ओळी. त्या ओळी आजवर कुणी भरल्या नव्हत्या. ज्योत्स्नाने पेन घेतलं. ‘मान्य आहे’मधल्या ‘आहे’वर काट मारून ‘नाही’ लिहिलं. मग पहिल्या ओळीवर लिहिलं: न धुतलेला नमुना या लॅबमध्ये मोजलेला आहे. नुकसान ०.७५ टक्के. गाइड यांना पंधरा दिवसांपासून माहिती आहे.

राजस तिच्या खांद्यावरून वाचत होता. “मॅडम, मोजणाऱ्याचं नाव नका लिहू. हात जोडतो. सर मले उभं करणार नाई इथं.”

ज्योत्स्नाने वळून पाहिलं. सव्वीस वर्षांचं पोरगं, डोळ्यांत पाणी. सकाळपासून या इमारतीत तिच्याशी खरं बोललेला हा एकच माणूस होता, हे तिला कळत होतं. आणि नावाशिवाय त्या आकड्याला काडीचीही किंमत नव्हती, हेही कळत होतं.

“तुले चोर म्हटलं, ते चुकलं माझं,” ती म्हणाली.

आणि तिने दुसऱ्या ओळीवर त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि नोंदणी क्रमांक, सुवाच्य अक्षरात, पूर्ण लिहिला, खाली सही केली, आणि फॉर्म नत्थूजींच्या हातात दिला.